‘एक्स’चे घर ‘पी’ होईपर्यंत : निपाणीतील एका सेवा क्लबच्या वार्षिक उद्दिष्टांचे प्रकरण

सेवा क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. १९०५ मध्ये शिकागोत सुरू झालेली रोटरी असो किंवा १९१७ मध्ये अमेरिकेतच उभी राहिलेली लायन्स असो, दोन्हीकडे क्लबचा अध्यक्ष साधारणपणे एका वर्षासाठी असतो. पदग्रहणाच्या आधी त्याला प्रशिक्षण मिळते आणि वर्षभरात काय करणार याची उद्दिष्टे तो लिहून देतो. ही पद्धत चांगली आहे, कारण पद एका माणसाकडे साचून राहत नाही. मात्र तिच्यात एक अडचण आहे. गावाचे कोणतेही मोठे दुखणे ३० जूनला संपत नाही, आणि अध्यक्षाचे वर्ष मात्र नेमके त्या दिवशी संपते. या अडचणीशी एका क्लबने कसा सामना केला, कुठे त्याला यश आले आणि कुठे तो कमी पडला, हे या प्रकरणात मांडले आहे. त्या वर्षी मी क्लबचा सचिव होतो. इतिवृत्ते, पत्रव्यवहार आणि मासिक अहवाल माझ्याकडे असत. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

गाव आणि क्लब

निपाणी हे बेळगाव जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, पुणे–बंगळूर महामार्गावर वसलेले तालुक्याचे गाव आहे. कोल्हापूर येथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे, तर जिल्ह्याचे ठिकाण असलेले बेळगाव सुमारे ७५ किलोमीटरवर. गावाची ओळख तंबाखूची आहे. १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन याच महामार्गावर झाले आणि निपाणीचे नाव देशभर गेले. तंबाखूइतकीच जुनी, पण कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका. ठेकेदाराकडून पान, तंबाखू आणि दोरा आणायचा, पान भिजवून कातरायचे, मांडीवरच्या सुपात विडी वळून दोरा बांधायचा आणि माल परत नेऊन द्यायचा, असे हे काम असते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. विडी सैल निघाली, पान फाटलेले असले किंवा तोंड नीट बंद झालेले नसले, तर ती छाट म्हणून बाजूला काढली जाते आणि तिचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे हे काम जितके बोटांचे आहे तितकेच ते जवळच्या नजरेचेही आहे.

आमच्या क्लबात त्या वेळी २६ सभासद होते. त्यात डॉक्टर, वकील, शिक्षक, एक सनदी लेखापाल, एक तंबाखू व्यापारी आणि दोन साखर कारखान्यांशी संबंधित मंडळी होती. बोलणे बहुतेक मराठीत होई. काही सभासदांची मातृभाषा कन्नड होती आणि सरकारी पत्रव्यवहार तर कन्नडातच करावा लागे. वर्षाचा क्रम ठरलेला होता. १ जुलै हा डॉक्टरांचा दिवस आणि सनदी लेखापालांचाही दिवस असल्यामुळे वर्षाची सुरुवात सत्काराने व्हायची. त्यानंतर वह्यावाटप, वृक्षारोपण, शिक्षक दिन, दिवाळीपूर्वी नेत्रतपासणी शिबिर, हिवाळ्यात रक्तदान आणि उन्हाळ्यात पाणपोई असे कार्यक्रम होत असत. या कामांना मी कमी लेखत नाही. रक्तदानातून रक्त खरोखर मिळते आणि उन्हाळ्यात पाणपोईवर माणसे खरोखर पाणी पितात. पण जून महिन्यात मी जो उद्दिष्टांचा मसुदा तयार केला होता, त्यात बेचाळीस कार्यक्रम होते आणि प्रत्येकापुढे एकच प्रकारचा आकडा होता : किती शिबिरे, किती झाडे, किती वह्या, किती लाभार्थी. मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून प्रत्येक आकडा थोडा थोडा वाढवायचा, हीच माझी पद्धत होती.

त्या वर्षीच्या अध्यक्षा तीस वर्षे गणित शिकवून मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. क्लबातले निम्मे सभासद त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे सभेतही त्यांना सगळे बाईच म्हणत. मसुदा वाचून त्यांनी माझ्याकडे मागील तीन नेत्रशिबिरांच्या नोंदवह्या मागितल्या. नाव, वय, गल्ली आणि तपासणीतला निष्कर्ष असे त्यात चार रकाने होते. बाईंनी विचारले, “पुढं काय झालं ते कुठं लिहिलंय?” तसा रकाना नव्हताच. त्यांनी विचारेपर्यंत तो नसल्याचे माझ्या लक्षातही आले नव्हते.

दहा घरे

पदग्रहणाला दोन आठवडे उरले असताना बाई, मी आणि एक तरुण सभासद असे तिघे विडी कामगारांच्या एका गल्लीत गेलो. मागच्या शिबिरात ‘जवळचा चष्मा आवश्यक’ असा शेरा मिळालेल्या दहा बायकांची यादी आमच्याकडे होती. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि हातातले काम धूसर दिसू लागते. हा आजार नसून वयाचा भाग आहे, आणि त्यावरचा उपाय अगदी साधा आहे. साधारण पंचेचाळिशीला अधिक एक किंवा दीडचा नंबर लागतो, साठीपर्यंत तो अडीचच्या आसपास जातो. तयार चष्मा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्यामुळे दहाही घरी चष्मा दिसेल असे मी गृहीत धरले होते.

तसे नव्हते. काही जणींना चष्मा मिळालाच नव्हता, कारण चिठ्ठी इंग्रजीत होती आणि तो बाजारपेठेतल्या ठरलेल्या दुकानातून आठवड्याने आणायचा होता. माल पोचवायची वेळ आणि दुकान उघडे असण्याची वेळ एकच असल्यामुळे ते राहून गेले. एकीचा चष्मा नवरा पेपर वाचायला वापरत होता. एकीने तो ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली जपून ठेवला होता. एका आक्कांनी सांगितलेले कारण मात्र आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नसते : “चष्मा लावून बसलं की ठेकेदार म्हंतो, हिला दिसंना झालंय, पानं कमी द्या.” त्यांच्या सुपाशेजारी छाट विड्यांचा ढीग होता. हाताने चाचपडत, सवयीने त्या विड्या वळत होत्या.

परतताना बाई फारसे बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या मसुद्यावर त्यांनी लाल शाईने एकच वाक्य लिहून पाठवले : ‘हे आपल्या कामाचे मोजमाप आहे, त्यांच्या डोळ्यांचे नाही.’ उद्दिष्टांविषयी मी बरेच वाचले आहे, प्रशिक्षणांनाही बसलो आहे. पण माझ्या मते इतक्या नेमकेपणाने ते कोणी मला सांगितले नव्हते.

सभेतला वाद

जूनच्या शेवटच्या सभेत बाईंनी बेचाळीस कार्यक्रमांऐवजी तीन उद्दिष्टे मांडली. पहिले उद्दिष्ट असे होते : ‘येत्या ३० जूनपर्यंत ठरवलेल्या दोन गल्ल्यांतील चाळिशीपुढच्या विडी वळणाऱ्या प्रत्येक स्त्रीकडे तिच्या नंबरचा चष्मा असावा आणि काम करताना ती तो लावत असावी. ज्यांना मोतीबिंदू आहे, त्यांपैकी प्रत्येकीचे शस्त्रक्रियेबाबतचे हो किंवा नाही असे उत्तर, कारणासह, आपल्याकडे लिहिलेले असावे.’ दुसरे रक्तदानाविषयी होते, ते पूर्वीसारखेच ठेवले. तिसरे उद्दिष्ट निधीविषयी होते. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात या भागाला पुराने झोडपले होते आणि वेदगंगा–दूधगंगेच्या काठची गावे पाण्याखाली गेली होती. पूर नेमका क्लबच्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत येतो आणि आखलेले सगळे कोलमडते. म्हणून एक चतुर्थांश निधी ऑगस्ट संपेपर्यंत कोणत्याही कार्यक्रमाला द्यायचा नाही, असे ठरले. हे तिसरे उद्दिष्ट कोणाला फारसे आठवत नाही, पण सीमाभागातल्या नदीकाठच्या प्रत्येक क्लबाने त्याचा विचार करावा असे मला वाटते.

पहिल्या उद्दिष्टाला तीन बाजूंनी विरोध झाला, आणि तिन्ही आक्षेप प्रामाणिक होते.

एका डॉक्टर सभासदाचे म्हणणे असे की, तंबाखूमुळे होणारे कर्करोग आपण रोज पाहतो. विड्या अधिक चांगल्या वळल्या जाव्यात म्हणून क्लबने खर्च का करावा? यावर बरीच चर्चा झाली. बाईंचे उत्तर असे होते की चष्मा विडीचा नसतो, बाईचा असतो. त्याच चष्म्याने ती तांदळातले खडे निवडते, सुईत दोरा ओवते, बँकेचे पासबुक वाचते. तिने दुसरा धंदा शिकावा असे वाटत असेल, तर शिवणयंत्रावर बसायलाही तिला आधी दिसले पाहिजे. डॉक्टरांचे समाधान पूर्ण झाले नाही आणि तसे त्यांनी सभेत सांगितलेही. पण तपासणीला ते शेवटपर्यंत येत राहिले. आसाममधल्या चहाच्या मळ्यांतील ७५१ कामगारांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाची माहितीही त्यांनीच पुढे आणली. त्या अभ्यासात जवळचा चष्मा मिळालेल्या चाळिशीपुढच्या कामगारांची रोजची पानतोडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली होती.

तंबाखू व्यापारी सभासदांना काळजी वेगळीच होती. कामगारांच्या घरी जाऊन नोंदी घेतल्या, की त्यातून मजुरीचा प्रश्न निघेल आणि क्लब एका बाजूला उभा राहिल्यासारखा दिसेल. बाईंनी त्यांना सभेत उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्या त्यांच्या पेढीवर गेल्या आणि त्या आक्कांचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. पुढे याच गृहस्थांनी ठेकेदारांना बोलावून, चष्मा लावणाऱ्या बाईचे पान कमी करायचे नाही, असे सांगितले. माझ्या मते त्या वर्षी क्लबने केलेले सर्वांत परिणामकारक काम हेच होते, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. क्लबात वेगवेगळ्या व्यवसायांची माणसे घ्यावीत असा आग्रह का असतो, हे मला त्या दिवशी समजले.

तिसरा आक्षेप एका ज्येष्ठ माजी अध्यक्षांचा होता, आणि तो सर्वांत जड होता. “वर्षाअखेरी आपल्याकडे दाखवायला काय राहणार? दोन गल्ल्या?” हे गृहस्थ पल्स पोलिओच्या पहिल्या वर्षांपासून, म्हणजे १९९५ पासून, लसीच्या पेट्या घेऊन खेडोपाडी फिरलेले होते. बाईंनी त्यांनाच विचारले, की पोलिओच्या वेळी घरांच्या दारावर खडूने काय लिहीत होता? त्यांनी सांगितले : सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, एखादे मूल राहिले असेल किंवा घरच्यांनी नकार दिला असेल तर ‘एक्स’, आणि एक्सचे घर पी होईपर्यंत पुन्हा जायचे. सांगता सांगता ते थांबले. रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा संकल्प १९८५ मध्ये केला, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लाखो आरोग्य सेविकांनी मिळून केलेले ते काम आहे. पण क्लबांच्या बाजूने पाहिले, तर एकोणतीस वर्षांत प्रत्येक जुन्या क्लबात जवळजवळ एकोणतीस अध्यक्ष झाले आणि उद्दिष्ट मात्र एकच राहिले. किती डोस पाजले हे त्याचे मोजमाप नव्हते. किती रुग्ण उरले हे होते. ज्येष्ठांनी आक्षेप मागे घेतला आणि नोंदवहीत पाचवा रकाना आखायची सूचना त्यांनीच केली. त्या रकान्यात फक्त दोनच खुणा असायच्या, एक्स आणि पी.

वर्ष कसे गेले

पहिली गल्ली सप्टेंबरअखेर तपासून झाली. तपासणी सकाळी न ठेवता संध्याकाळी, माल पोचवून झाल्यावर, देवळाच्या ओवरीत ठेवली. तयार चष्मे निरनिराळ्या नंबरांत सोबत नेले, त्यामुळे साध्या नंबरचा चष्मा तिथेच डोळ्यांवर चढला. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असलेल्यांना आणि मधुमेह असलेल्यांना पुढच्या तपासणीला पाठवले, कारण मधुमेहात पडदा तपासल्याशिवाय नुसता चष्मा देणे धोक्याचे असते. महिन्याने पुन्हा घरोघरी गेलो, ते पूर्वसूचना न देता, कामाच्या वेळी. चष्मा घरात असणे म्हणजे पी नव्हे. नाकावर असला तरच पी, असा बाईंचा नियम होता. गणिताच्या शिक्षिकेला शोभेल असाच तो कडक नियम होता आणि पहिल्या फेरीत त्याने आमची बरीच निराशा केली. ट्रंकेतले चष्मे ट्रंकेतच होते. दुसऱ्या फेरीत, ठेकेदारांचा निरोप गल्लीत पोचल्यावर आणि शेजारणीची छाट कमी झालेली दिसल्यावर, चित्र बदलू लागले.

साप्ताहिक सभेची पहिली दहा मिनिटे आम्ही नोंदवहीतले एक एक्सचे घर वाचायला ठेवली. कोणी भाषण करायचे नाही. ते घर एक्स का आहे आणि पुढच्या आठवड्यात कोण जाणार, एवढेच बोलायचे. सभांना न येणारे काही सभासद या दहा मिनिटांसाठी येऊ लागले. कोणाला तरी विशिष्ट घरी जायचे आहे हे नेमके ठरले, की माणूस टाळाटाळ करत नाही, असा माझा अनुभव आहे.

मोतीबिंदूच्या बाबतीत मात्र आम्ही चुकलो. शस्त्रक्रिया सरकारी व्यवस्थेतून मोफत व्हावी म्हणून आम्ही बेळगावला पाठवायचे ठरवले, कन्नडातली पत्रे तयार केली, गाडीची सोय केली; आणि ठरलेल्या दिवशी गाडीत कोणीच बसले नाही. या बायकांच्या बहिणी, लेकी कोल्हापुरात, कागलात, गडहिंग्लजला दिलेल्या असतात. शस्त्रक्रियेनंतर चार दिवस राहायचे तर लेकीकडे राहता येते, बेळगावात ओळखीचे कोणी नसते, आणि कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नाही. दुसरीकडे, कर्नाटकाच्या कार्डावरचा लाभ सीमेपलीकडच्या रुग्णालयात मिळेल की नाही, हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारल्याशिवाय कळत नाही. सीमाभागातल्या माणसाचे नाते एका राज्यात आणि कागद दुसऱ्या राज्यात असतात. ही गोष्ट आम्हाला जन्मापासून माहीत होती, तरी उद्दिष्ट लिहिताना आम्ही ती विसरलो. जानेवारीत आम्ही प्रत्येक बाईला आधी ‘कुठे सोयीचे पडेल’ हे विचारले. ज्या कोल्हापूरकडे जाणार होत्या त्यांच्यासाठी तिथल्या एका धर्मादाय रुग्णालयाशी बोललो, आणि ज्या बेळगावला तयार होत्या त्यांच्यासोबत कन्नड वाचणारा एक सभासद दिला. गल्लीतल्या आशा कार्यकर्तीची मदत नसती तर हेही जमले नसते. हे काम तिच्याकडून जुलैतच समजून घ्यायला हवे होते.

दुसरी गल्ली पूर्ण झाली नाही. दसरा, दिवाळी यांत ऑक्टोबर गेला. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ पाळला जाणारा काळा दिन असल्यामुळे त्या सुमाराला कोणताही सार्वजनिक कार्यक्रम न ठेवण्याचा आमच्याकडे प्रघात आहे. त्यानंतर साखर हंगाम सुरू झाला आणि कारखान्यांशी संबंधित सभासद दिसेनासे झाले. वेळापत्रक करताना हे सगळे डोळ्यांसमोर होते, तरी आम्ही बारा महिने धरून आखणी केली होती. प्रत्यक्षात कामाचे महिने सात-आठच मिळतात. उद्दिष्ट लहान ठेवूनही ते मोठेच ठरले.

३० जून

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय जुलैतल्या पहिल्या संचालक मंडळ सभेत झाला होता. पहिल्या उद्दिष्टाच्या कागदावर बाईंनी फक्त स्वतःची सही केली नाही. पुढच्या वर्षीचे नियोजित अध्यक्ष आणि त्याच्या पुढच्या वर्षासाठी निवडलेले सभासद या दोघांच्या सह्या घेतल्या. नियोजित अध्यक्षांच्या मनात स्मशानभूमीत शेड बांधायचे होते आणि सही करायला ते सुरुवातीला राजी नव्हते. बाईंनी त्यांना शेड सोडायला सांगितले नाही. एवढेच सांगितले, की या नोंदवहीतली एक्सची घरे पी होईपर्यंत ती नोंदवही बंद करायची नाही, हे मान्य असेल तर सही करा. पद्धत तुमची तुम्ही ठरवा. वर्षभर त्या प्रत्येक फेरीला त्यांना सोबत घेऊन गेल्या. फेब्रुवारीपर्यंत घरे त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ झाली होती. उद्दिष्ट वारसाने मिळाले की माणूस ते बाजूला ठेवतो. पण त्यासाठी आपण पायपीट केलेली असली, तर ते आपलेच वाटते.

वार्षिक अहवालात कार्यक्रमांची संख्या मागील वर्षांपेक्षा पुष्कळ कमी होती आणि त्या वर्षी क्लबाला विशेष पुरस्कार मिळाला नाही. काही सभासदांना त्याचे वाईट वाटले. मलाही थोडे वाटले. अहवालात बाईंनी एक्सच्या घरांची यादी कारणांसह जोडायला लावली. शस्त्रक्रियेला नकार देणाऱ्यांची कारणेही त्यात होती : ‘धाकटीचं लग्न झाल्यावर’, ‘एका डोळ्यानं भागतंय’, ‘सून बाळंतपणाला आलीय’.

पदग्रहणाच्या दिवशी नव्या अध्यक्षांना बाईंनी गळ्यातली साखळी घातली आणि सोबत नोंदवही दिली. शेडचे काम त्यांनी घेतलेच. पण जुलैच्या पहिल्या सभेत आधी दुसऱ्या गल्लीतले पहिले घर वाचले. एक बदलही त्यांनी केला. चष्मे देवळाच्या ओवरीत न देता, ठेकेदाराकडे माल मोजून घेतला जातो त्या जागी, सगळ्यांदेखत द्यायचे ठरवले. त्या आक्का त्या दिवशी तिथे होत्या. नवा चष्मा लावून त्यांनी आपल्याच विड्यांचा एक कट्टा उचलून पाहिला आणि त्यातल्या दोन विड्या स्वतःच बाजूला काढल्या.